पोकाहॉन्टस काउंटीचे पहिले शेजारी

राजधान्या, राजवाडे आणि मोठमोठीं रणांगणें यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ असतात. ज्या प्रदेशाला राजधानी नाहीं, ज्याच्या खोऱ्यांतून कोणा सम्राटाची स्वारी गेली नाहीं, त्याचा इतिहास मात्र बहुधा तेथल्या माणसांनाच सांभाळावा लागतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, अॅपलाचियन पर्वतराजीच्या ऐन गाभ्यांत, वेस्ट व्हर्जिनिया नांवाचें संस्थान आहे. त्याच्या पूर्व सीमेला लागून पोकाहॉन्टस ही काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्याच्या जातीचा राज्यकारभाराचा घटक. परंतु लोकवस्तीनें कित्येकदां एखाद्या मोठ्या खेड्याएवढाच. पोकाहॉन्टसचें क्षेत्रफळ सुमारें ९४० चौरस मैल आहे आणि २०२० सालच्या शिरगणतींत तेथें माणसें भरलीं अवघीं ७,८६९.

येथील डोंगर चार हजार आठशें फुटांपर्यंत चढतात. ग्रीनब्रायर, एल्क, गॉली, चेरी, क्रॅनबेरी, विल्यम्स, टायगार्ट्स व्हॅली आणि शेव्हर्स फोर्क अशा आठ नद्या या एका काउंटींत उगम पावतात. म्हणून नद्यांची जन्मभूमि अशी तिची ख्याति आहे. नदी जेथें जन्मते तेथें राहत नाहीं. येथल्या माणसांचेंहि पुष्कळ अंशीं तसेंच झालें. कांहीं जिवाच्या भीतीनें आलीं, कांहीं भाकरीसाठीं निघून गेलीं. जीं येऊन राहिलीं त्यांच्या अन्नाचा प्रश्न बंदुकीनें आणि कुऱ्हाडीनें सुटत असे. शेजाऱ्याबरोबर राहावें कसें, हा प्रश्न त्याहून कठीण होता. या काउंटीचा अडीचशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास त्याच एका प्रश्नाभोंवतीं फिरतो.

काउंटीचें नांवच मोठें विलक्षण आहे. पोकाहॉन्टस ही समुद्रकिनाऱ्याजवळच्या पोव्हॅटन लोकांच्या नायकाची कन्या. इंग्रज वसाहतवाल्यांनीं १६१३ सालीं तिला ओलीस धरलें. पुढें जॉन रॉल्फ या इंग्रजाशीं तिचें लग्न झालें आणि १६१७ सालीं विलायतेंत ग्रेव्हझेंड येथें तिचा अंत झाला. या डोंगरांशीं तिचा कांहीं एक संबंध नव्हता. १८२१ सालीं व्हर्जिनियाच्या विधिमंडळानें बाथ, पेंडल्टन व रॅन्डॉल्फ या तीन काउंट्यांचे तुकडे काढून ही नवी काउंटी बनविली आणि तिला त्या कन्येचें नांव दिलें. मूळच्या रहिवाशांस हुसकून द्यावें आणि मग त्यांच्यापैकीं एकीचें नांव त्या भूमीस द्यावें, हा प्रकार अमेरिकेच्या नकाशावर ठिकठिकाणीं आढळतो.

गोऱ्या वसाहतवाल्यांचा येथील इतिहास १७४९ पासून धरतात. त्या सुमारास जेकब मार्लिन आणि स्टीफन सूएल हे दोन गडी अलेघनी पर्वताची धार ओलांडून ग्रीनब्रायर नदीच्या काठीं उतरले. नॅप्स क्रीक नांवाचा ओढा जेथें नदीस मिळतो, तेथल्या सपाटीवर त्यांनीं ओंडक्यांची एक झोपडी उभारली. १७५१ सालीं अँड्र्यू लुइस नांवाचा मोजणीदार त्या बाजूस आला. १७४५ सालीं व्हर्जिनियाच्या सरकारानें ग्रीनब्रायर कंपनीस १,००,००० एकर जमीन देऊं केली होती. ती निवडून मोजण्याच्या कामावर तो निघाला होता. त्याला मार्लिन झोपडींत राहत असलेला दिसला, आणि सूएल मात्र जवळच एका प्रचंड सिकॅमोर वृक्षाच्या ढोलींत!

लुइसनें कारण विचारलें. उत्तर मिळालें कीं, धर्माच्या बाबतींत दोघांचा मतभेद झाला. एका छपराखालीं राहणें अवघड होऊं लागलें. म्हणून सूएलनें आपलें बिऱ्हाड ढोलींत हलविलें. तेव्हांपासून दोघांचें बरें चाललें होतें. रोज सकाळीं एक झोपडींतून आणि दुसरा ढोलींतून बाहेर येई, आणि दोघे एकमेकांचें नांव घेऊन अदबीनें सुप्रभात चिंतीत. ग्रीनब्रायर खोऱ्यांतील एक जुने वसाहतवाले कर्नल जॉन स्टुअर्ट यांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस ही हकिकत लिहून ठेवली, आणि तेव्हांपासून ती त्या खोऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात आहे.

ही गोष्ट ऐकून प्रथम हंसूं येतें. भोंवतीं अफाट अरण्य, माणसें दोनच, दोघांचा ख्रिस्त एकच. आणि तरीहि भांडायला धर्म पुरला! परंतु क्षणभर विचार केला म्हणजे त्यांतील शहाणपणहि दिसूं लागतें. दोघांपाशीं शस्त्रें होतीं. तेथें ना न्यायाधीश होता, ना पंच, ना साक्षीदार. युरोपांत ज्या मतभेदापायीं तीस तीस वर्षें युद्धें चाललीं, तो मतभेद येथें एका पोकळ झाडानें मिटविला. दोघांनीं आपलें मत सोडलें नाहीं आणि शेजारहि सोडला नाहीं. पुढें सूएल आणखी पश्चिमेकडे सरकला आणि मूळ रहिवाशांच्या हातून मारला गेला. त्या बाजूच्या एका डोंगरास आजहि त्याचें नांव आहे. मार्लिनची सपाटी बराच काळ ‘मार्लिन्स बॉटम’ या नांवानें ओळखली जात होती. १८८७ सालीं तिचें मार्लिंटन झालें, आणि १८९१ पासून काउंटीचें मुख्य ठाणें तेथें आलें.

‘पहिले’ हा शब्द मात्र येथें जपून वापरावा लागतो. मार्लिन आणि सूएल ज्या रानांत उतरले त्यांतून फार पूर्वींपासून एक पायवाट जात होती. सेनेका ट्रेल या नांवानें ती ओळखली जाते. शॉनी व इतर जमातींचे लोक त्या वाटेनें शिकारीस, व्यापारास आणि लढाईस जात येत असत. त्यांच्या दृष्टीनें हें रान ओसाड नव्हतें. तें त्यांचें शिकारीचें कुरण होतें. ऑक्टोबर १७६३ मध्यें इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज यानें जाहीरनामा काढून अलेघनीच्या पाणलोटाच्या पश्चिमेस वसाहत करण्याची मनाई केली. ग्रीनब्रायरचें पाणी पश्चिमेकडे ओहायो नदीस मिळतें. म्हणजे हें खोरें मनाईच्या हद्दींत पडलें. त्याच वर्षीं शॉनींनीं ग्रीनब्रायर खोऱ्यांतील वसाहतींवर घाले घालून त्या उठविल्या होत्या. १७६८ सालीं फोर्ट स्टॅनविक्स येथें इरोक्वॉय राष्ट्रांनीं ओहायोच्या दक्षिणेकडील मुलूख इंग्रजांस तोडून दिला. ज्यांचें तें कुरण, त्या शॉनींची संमति कोणीं घेतली नाहीं. एकाच्या शेताचें खरेदीखत दुसऱ्यानें करून द्यावें, तशांतली ही गोष्ट. पुढील रक्तपाताचें बीज तेथें पडलें.

या मनाईच्या काळांतच जॉन मॅक्‌नील हा तरुण या खोऱ्यांत आला. तो आला तो जमिनीच्या लोभानें नव्हे. त्याची हकिकत अशी सांगतात कीं, आपल्या गांवीं मुष्टियुद्धांत त्याच्या हातून प्रतिस्पर्ध्यास जबर मार बसला. तो मरणार अशी मॅक्‌नीलची समजूत झाली, आणि खुनाच्या आरोपाच्या भीतीनें तो रानोमाळ पळत सुटला. १७६५ च्या सुमारास तो आज जेथें हिल्सबरो गांव आहे त्या सपाट प्रदेशांत पोंचला. ‘लिटल लेव्हल्स’ असें त्या सपाटीचें नांव आहे. तेथें तो एकटा, मनांत अपराधाचें ओझें वागवीत राहिला. एके दिवशीं चार्ल्स आणि एडवर्ड किनिसन हे दोघे जण त्याला रानांत भेटले. बोलतां बोलतां ओळख निघाली आणि त्याला कळलें कीं ज्याला आपण मारलें असें समजत होतों, तो इसम बरा होऊन हिंडूं फिरूं लागला आहे! मॅक्‌नील माघारीं गेला, मार्था डेव्हिस या वेल्समध्यें जन्मलेल्या तरुणीशीं त्यानें विवाह केला, आणि तिला घेऊन पुन्हां त्याच सपाटीवर येऊन राहिला. किनिसन बंधु त्याचे शेजारी झाले. जिवावरचें संकट टळलें याची कृतज्ञता म्हणून त्यानें एक साधें प्रार्थनागृह उभारलें. ‘व्हाइट पोल चर्च’ या नांवानें त्याची आठवण राहिली आहे.

१७७४ सालीं शॉनी आणि व्हर्जिनियाचे वसाहतवाले यांच्यांत युद्ध पेटलें. सैन्याच्या एका तुकडीचें नेतृत्व अँड्र्यू लुइसकडे होतें. तेवीस वर्षांपूर्वीं सूएलला ढोलींत पाहणारा मोजणीदार तो हाच. मॅक्‌नील आणि किनिसन बंधु त्याच्या सैन्यांत दाखल झाले. १० ऑक्टोबर १७७४ रोजीं कनावा आणि ओहायो या नद्यांच्या संगमावर, पॉइंट प्लेझंट येथें, दिवसभर घनघोर लढाई झाली. शॉनींचा सेनापति कॉर्नस्टॉक हा होता. लुइसचा सख्खा भाऊ चार्ल्स त्या लढाईंत पडला. संध्याकाळीं शॉनींनीं माघार घेतली आणि पुढें तह झाला.

त्याच सुमारास मॅक्‌नीलच्या घरीं काय घडलें, तें कोणत्याहि लष्करी खलित्यांत नाहीं. नवरा शेंकडों मैल दूर लढाईवर असतां मार्थाचें तान्हें मूल वारलें. शेजारचे पुरुष त्याच मोहिमेवर गेलेले. त्या माउलीनें स्वतःच्या हातानें फळ्या बेतून पेटी केली, स्वतःच खड्डा खणला आणि आपलें मूल मातीआड केलें. पॉइंट प्लेझंटच्या विजयाची किंमत सांगतांना मेलेल्या शिपायांचा आंकडा देतात. त्यांत ही पेटी मोजलेली नसते. पहिल्या वसाहतवाल्यांचें शौर्य सांगतांना कुऱ्हाड चालविणारा हात डोळ्यांपुढें येतो. त्या सपाटीवर सर्वांत जड काम मात्र एका बाईच्या हातांनीं केलें.

समोरच्या बाजूचा शेवटहि सांगितला पाहिजे. कॉर्नस्टॉकनें तहानंतर सलोखा राखण्याची पराकाष्ठा केली. १७७७ च्या शरद ऋतूंत तो पॉइंट प्लेझंटच्या किल्ल्यांत सामोपचाराच्या बोलण्यासाठीं आला असतां त्याला अटकेंत ठेवण्यांत आलें, आणि नोव्हेंबरांत चिडलेल्या सैनिकांनीं त्याला व त्याच्या मुलाला गोळ्या घालून ठार केलें. सूएलच्या ढोलीची हकिकत लिहिणारे कर्नल स्टुअर्ट त्या वेळीं तेथें हजर होते. त्यांनीं तो प्रसंग लिहून ठेवला आहे, आणि कॉर्नस्टॉकविषयींचा त्यांचा आदर त्या लिहिण्यांत लपलेला नाहीं. ज्या हातानें शेजारधर्माची एक गमतीची गोष्ट लिहिली, त्याच हाताला शेजारघाताची ही गोष्टहि लिहावी लागली.

यानंतर वसाहत झपाट्यानें वाढली. ओंडक्यांचीं घरें, मक्याचीं शेतें, घरच्या तागाचें आणि लोंकरीचें कापड, मेपलच्या रसाची साखर, रानांतून खणून आणलेल्या जिनसेंग मुळ्या आणि जनावरांचीं कातडीं, यांवर संसार चालत. शिकारी लोक आपला माल घेऊन जेथें व्यापाऱ्यांस भेटत त्या ठिकाणाचें नांव हंटर्सव्हिल पडलें, आणि काउंटी स्थापन झाली तेव्हां तेंच तिचें पहिलें ठाणें झालें. क्लोव्हर लिकच्या बाजूस जेकब वॉरविक याच्यासारखे बडे जमीनदार झाले. त्यांच्या विस्तीर्ण कुरणांवर गुलाम राबत. ही व्हर्जिनियाची डोंगराळ बाजू. येथें समुद्रकांठच्यासारखे तंबाखूचे मोठे मळे नव्हते, तरी माणसाची खरेदीविक्री येथेंहि होती. स्वातंत्र्य मिळाल्यावर या कृष्णवर्णीय कुटुंबांपैकीं कित्येक येथेंच राहिलीं. सीबर्टजवळ त्यांनीं बांधलेलें प्लेझंट ग्रीन चर्च हें लहानसें लांकडी प्रार्थनागृह त्यांच्या वस्तीची साक्ष देत उभें आहे. त्यांच्या पूर्वजांनीं तोडलेल्या रानाचें श्रेय मात्र जुन्या वंशावळींत दुसऱ्यांच्या नांवावर जमा आहे.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें आणि शेजाराची खरी कसोटी लागली. व्हर्जिनिया संघराज्यांतून फुटली. तिच्या पश्चिमेकडील काउंट्या तिच्यापासून फुटल्या. आणि २० जून १८६३ रोजीं वेस्ट व्हर्जिनिया हें नवें संस्थान जन्मास आलें. पोकाहॉन्टसमधील बहुसंख्य लोकांचा ओढा दक्षिणेकडे होता, तरी काउंटी नव्या संस्थानांत गेली. एकाच खोऱ्यांतले तरुण कांहीं निळ्या गणवेषांत तर कांहीं करड्या गणवेषांत दिसूं लागले. जानेवारी १८६२ मध्यें उत्तरेच्या फौजेनें हंटर्सव्हिलवर छापा घालून तेथील दक्षिणेचा शिधासामग्रीचा सांठा जाळला. ६ नोव्हेंबर १८६३ रोजीं हिल्सबरोच्या दक्षिणेस ड्रूप डोंगरावर मोठी लढाई झाली. उत्तरेकडून जनरल अॅव्हरेल सुमारें ५,००० सैन्य घेऊन आला. माथ्यावर जनरल एकल्स सुमारें १,७०० लोकांनिशीं उभा होता. दक्षिणेचा मोड झाला. दोन्हीं फळ्यांत याच डोंगरांतले लोक होते. मार्लिन आणि सूएल यांना मतभेदावर तोडगा सांपडला होता. शंभराहून अधिक वर्षांनंतरच्या, शाळाचर्चें असलेल्या पिढीला तो सांपडला नाहीं. १९२८ सालीं त्या रणभूमीवर वेस्ट व्हर्जिनियाचें पहिलें संस्थानी उद्यान करण्यांत आलें. दोन्हीं बाजूंच्या वंशजांना तेथें एकत्र फिरतां यावें, हें त्याचें मोठेंच फळ होय.

या सर्व गोष्टी आज सांगतां येतात याचें बरेंचसें श्रेय एका घराण्यास आहे. रेव्हरंड विल्यम प्राइस हे १८३० सालीं मार्लिन्स बॉटमजवळ जन्मले. प्रेस्बिटेरियन पंथाचे ते धर्मोपदेशक. खेडोपाडीं हिंडतांना, बारशाला, लग्नाला, पुरण्याच्या प्रसंगीं घरोघर जातांना, ते म्हाताऱ्यांच्या आठवणी टिपून ठेवीत. १९०१ सालीं त्यांनीं काउंटीचा वृत्तांत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. त्यांत राजे नाहींत, कुटुंबें आहेत. मॅक्‌नीलचें मुष्टियुद्ध आणि मार्थेची पेटी त्यांच्यामुळें विस्मृतींतून वांचली. त्यांच्या मुलांपैकीं अँड्र्यू प्राइस हे वकील आणि इतिहाससंशोधक झाले. कॅल्विन प्राइस यांनीं १९०६ पासून १९५७ सालीं मृत्यु येईपर्यंत ‘पोकाहॉन्टस टाइम्स’ हें साप्ताहिक चालविलें. खिळे हातानें जुळवून निघणाऱ्या त्या पत्रांत गांवच्या सोयरिकी-मयतांबरोबर डोंगरांतल्या अस्वलांची, हरणांची आणि चित्त्यासारख्या पँथर नांवाच्या श्वापदाची वार्ता येई, आणि ती वाचण्यासाठीं दूरदूरचे लोक वर्गणी भरीत. १९५३ सालीं संस्थानानें एका राखीव अरण्यास त्यांचें नांव दिलें. प्राइसांच्या ग्रंथांतहि उणें आहे. गोऱ्या जमीनदार कुटुंबांना त्यांत जेवढीं पानें मिळालीं, तेवढीं शॉनींना किंवा गुलामांना मिळालीं नाहींत. परंतु ज्यानें लिहून ठेवलें त्याच्याच लिहिण्यांत काय राहून गेलें हें पुढच्यांना दिसतें. ज्यानें कांहींच लिहिलें नाहीं, त्याची चूकहि कोणास दुरुस्त करतां येत नाहीं.

हा ग्रंथ अगदीं वेळेवर निघाला. त्याच्या आदल्याच वर्षीं, १९०० सालीं, आगगाडी मार्लिंटनला पोंचली होती. तिच्या मागोमाग लांकडाच्या कंपन्या आल्या. कॅस नांवाचें नवें गांव वसलें, आणि तेथील प्रचंड गिरणी १९०२ पासून १९६० पर्यंत चालली. स्प्रूसचें लांकूड कागदासाठीं आणि इमारतींसाठीं चोहोंकडे जाऊं लागलें. इटलींतून आणि युरोपच्या इतर भागांतून मजूर आले. डोंगरांतलीं शेतकऱ्यांचीं मुलें हिवाळ्यांत लांकूडतोड्यांच्या छावण्यांत जाऊं लागलीं. पैसा आला, पण ज्या रानाच्या आधारानें चार पिढ्या जगल्या तें रान एका पिढींत बोडकें झालें. नफा दूरच्या शहरांत गेला, ओसाड कडे येथें राहिले. पुढें तीं रानें सरकारनें राखून पुन्हां वाढविलीं. १९६३ पासून कॅसच्या जुन्या वाफेच्या गाड्या प्रवाशांस घेऊन डोंगर चढूं लागल्या, आणि ग्रीनब्रायरकांठचा लोहमार्ग उखडून तेथें ७८ मैलांची पायवाट झाली.

या काउंटींत जन्मलेलें सर्वांत जगद्विख्यात माणूस येथें फार थोडें राहिलें. १८४७ सालीं हॉलंडांतील उट्रेख्टहून धर्मस्वातंत्र्यासाठीं निघालेल्या मंडळींत स्टल्टिंग नांवाचें कुटुंब होतें. तें अखेर हिल्सबरोस, मॅक्‌नीलच्याच सपाटीवर, स्थायिक झालें. त्या घराण्यांतील कॅरोलाइन १८८० सालीं अॅब्सलम सायडनस्ट्रिकर या मिशनरीशीं लग्न करून चीनला गेली. तेथें तिचीं तीन लेंकरें एकापाठोपाठ वारलीं. विश्रांतीसाठीं ती माहेरीं आली असतां २६ जून १८९२ रोजीं तिला मुलगी झाली. तीच पर्ल बक. कांहीं महिन्यांची असतांनाच तिला चीनला नेण्यांत आलें, आणि चिनी शेतकऱ्यांच्या शेजारांत ती लहानाची मोठी झाली. १९३१ सालीं तिची ‘द गुड अर्थ’ ही कादंबरी निघाली. तिला १९३२ चें पुलित्झर पारितोषिक मिळालें. आणि १९३८ सालीं तिला नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. पारितोषिक देतांना चिनी कृषिजीवनाच्या वर्णनाबरोबर तिनें लिहिलेल्या चरित्रांचाहि गौरव करण्यांत आला. त्यांतील एक चरित्र तिच्या आईचें आहे. हिल्सबरोच्या एका माउलीनें तान्हें मूल मातीआड केलें, आणि शंभर वर्षांनीं त्याच सपाटीवरून गेलेल्या दुसरीनें परदेशांत तीन पुरलीं. पहिलीची कथा गांवानें तोंडीं जपली, दुसरीची तिच्या मुलीनें जगभर पोंचविली.

हिंदुस्थानचाहि या बाईशीं संबंध आहे. तिचे पति रिचर्ड वॉल्श यांच्या जॉन डे प्रकाशनसंस्थेनें १९४१ सालीं जवाहरलाल नेहरूंचें आत्मचरित्र अमेरिकेंत प्रसिद्ध केलें. आणि १९६५ च्या ‘गाइड’ या चित्रपटाच्या इंग्रजी आवृत्तीची पटकथा तिनें टॅड डॅनिएलेव्हस्कीबरोबर लिहिली. १९४९ सालीं तिनें ‘वेलकम हाउस’ नांवाची दत्तकसंस्था काढली. मिश्र वंशाच्या ज्या मुलांना इतर संस्था दाराबाहेर ठेवीत त्यांना तिनें घरें मिळवून दिलीं. १९७३ सालीं ती वारली. पुढील वर्षीं हिल्सबरोचें तिचें जन्मघर लोकांस पाहण्यासाठीं उघडलें.

जी राहिली तिचेंहि नांव घेतलें पाहिजे. बकाय गांवच्या शेतावर १९११ सालीं लुइझ मॅक्‌नील जन्मली. तिचें घराणें पिढ्यान्‌पिढ्या त्याच जमिनीवर नांदत आलेलें. १९३० पासून तिनें डोंगरांतल्या एकखोली शाळांत मुलांस शिकविलें, आणि १९३९ सालीं ‘गॉली माउंटन’ हा तिचा काव्यसंग्रह निघाला. पहिल्या वसाहतवाल्यांपासून कोळसा आणि लांकूड नेणाऱ्यांपर्यंत डोंगरी लोकांची सारी कथा तिनें त्यांत मांडली. १९७९ सालीं तिला संस्थानाची राजकवयित्री नेमण्यांत आलें, आणि १९९३ सालीं मृत्यु येईपर्यंत तें पद तिच्याकडे होतें. प्राइसांनीं नांवें जपलीं. तिनें त्या नांवांना आवाज दिला.

याच डोंगरांनीं पुढें एक आगळें पाहुणें आपल्यांत सामावून घेतलें. कडेकपाऱ्यांमुळें बाहेरच्या विद्युल्लहरी येथें फारशा पोंचत नाहींत, म्हणून १९५७ पासून ग्रीन बँक या गांवीं रेडिओ-दुर्बिणींची वेधशाळा उभी राहिली. १९५८ सालीं भोंवतालच्या १३,००० चौरस मैलांत रेडिओचा गोंगाट मर्यादित ठेवणारें शांतताक्षेत्र कायद्यानें ठरविलें. १९६० सालीं फ्रँक ड्रेक यांनीं तेथून दोन ताऱ्यांकडे कान लावून, दुसरीकडे कोठें बोलणारें कोणी आहे काय, याचा जगांतला असा पहिला शोध केला. उत्तर आलें नाहीं. १९८८ सालीं जुनी तीनशें फुटी दुर्बीण कोसळली. २००० सालीं तिच्या जागीं शंभर मीटर व्यासाची नवी उभी राहिली. जून २०२३ मध्यें विश्वांतील गुरुत्वलहरींच्या मंद पार्श्वनादाचे पुरावे जगांतील अनेक शास्त्रज्ञगटांनीं एकाच वेळीं प्रसिद्ध केले. त्यांत ग्रीन बँकच्या नोंदी होत्या, आणि पुणें जिल्ह्यांतील खोडदच्या महादुर्बिणीच्याहि होत्या.

या शांततेसाठीं गांवकऱ्यांना कांहीं सोसावें लागलें आहे. दुर्बिणीच्या निकट पेट्रोलची मोटार नेतां येत नाहीं, कारण तिच्या इंजिनांतील ठिणगीहि दुर्बिणीस गोंगाट वाटते. घरांतील बिनतारी यंत्रांवरहि वर्षानुवर्षें निर्बंध राहिले. कोणी कुरकुरले, कोणी नियम मोडले. तरी बहुतेकांनीं आपल्या सोयीचा थोडा भाग सोडून दिला, आणि दुर्बिणीचें ऐकणें चालू राहिलें.

वसाहतवाल्यांची थोरवी त्यांनीं किती एकर रान तोडलें यावरून मोजण्याची रीत जुनी आहे. पोकाहॉन्टस काउंटीचा इतिहास दुसरें माप हातीं देतो. ढोलींत जाऊन राहणारा सूएल, शत्रूचें शौर्य मान्य करणारे स्टुअर्ट, परक्या मुलांना घर मिळवून देणारी पर्ल बक, हीं माणसें त्या मापानें मोठीं ठरतात. आणि ज्यांची संमति न घेतां जमीन गेली ते शॉनी आणि ज्यांचे श्रम विनामूल्य गेले ते गुलाम, यांचें देणें त्याच मापानें अजून बाकी दिसतें. खोऱ्यांत पहिला कोण आला हें दगडावर कोरतां येतें. तो शेजारी म्हणून कसा वागला, हें मात्र शेजाऱ्यालाच विचारावें लागतें.